पुण्यात डिजिटल रेडिओ येणार म्हणे. पण तो ऐकणार कशावर, आणि चालवणार कोण?

३ ऑक्टोबर २०२५ रोजी ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, खासगी रेडिओसाठी डिजिटल प्रसारणाचं धोरण कसं असावं याच्या शिफारशी जाहीर केल्या. सुरुवात देशातल्या १३ मोठ्या शहरांपासून करावी असं त्यात म्हटलंय. महाराष्ट्रातली तीन शहरं त्या यादीत आहेत: मुंबई, पुणे आणि नागपूर.

बातमी आली तशी गेली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली, त्यावर "रेडिओ? अजून आहे?" असा एक रिप्लाय आला आणि विषय संपला. मी माणमध्ये, हिंजवडी फेज थ्रीच्या भागात राहतो आणि तिथेच सॉफ्टवेअर लिहितो. इथल्या तरुण पोरांसाठी रेडिओ म्हणजे कॅबवाल्याच्या गाडीत आपोआप वाजणारी गोष्ट. तरीही हा विषय जरा नीट समजून घेण्यासारखा आहे. यात पैसा मोठा आहे, हवेतल्या लहरी सगळ्यांच्या मालकीच्या आहेत, आणि यापूर्वी याच वाटेवर आपण एकदा चांगलेच अडखळलो आहोत.

आधी साधी गोष्ट: डिजिटल रेडिओ म्हणजे काय?

इंटरनेटवर ॲपमधून ऐकतो तो रेडिओ वेगळा. डिजिटल रेडिओला इंटरनेट लागत नाही. टॉवरवरून लहरी निघतात आणि तुमच्या रिसीव्हरला मिळतात, अगदी एफएमसारखंच. फरक इतकाच की लहरीवर आवाज थेट न चढवता त्याचे आधी शून्य आणि एक केले जातात, ते दाबून लहान केले जातात आणि मग पाठवले जातात. फोटोची फाइल कॉम्प्रेस करतो ना, तसंच.

दाबल्यामुळे जागा वाचते. आज पुण्यात एका फ्रिक्वेन्सीवर एकच स्टेशन वाजतं. ट्रायच्या शिफारशीनुसार एका फ्रिक्वेन्सीवर नेहमीचा एक अ‍ॅनालॉग चॅनेल, सोबत तीन डिजिटल ऑडिओ चॅनेल आणि एक डेटा चॅनेल चालवता येईल. जुने रेडिओ बंद पडणार नाहीत. जुना आणि नवा दोन्ही सिग्नल एकत्र जातील. या पद्धतीला सायमलकास्ट म्हणतात.

डेटा चॅनेलवर गाण्याचं नाव, ट्रॅफिकची माहिती, हवामानाचा इशारा असं काहीही अक्षरांत पाठवता येतं. आवाजही स्वच्छ येतो, खरखर नाही. एक तोटा मात्र आहे. एफएमचा सिग्नल कमजोर झाला की आवाज खरखरत का होईना, येत राहतो. डिजिटलचा सिग्नल एका मर्यादेखाली गेला की आवाज सरळ गायब होतो. मधली पायरीच नसते.

आता यासाठी तंत्रं दोन स्पर्धेत आहेत. एक डिजिटल रेडिओ माँडियाल, थोडक्यात डीआरएम. दुसरं अमेरिकेत चालणारं एचडी रेडिओ. युरोपात डॅब प्लस नावाचं तिसरंही आहे, पण त्याची रचना निराळी. त्यात अनेक स्टेशनं एकाच सामायिक ट्रान्समीटरवर बसवतात. ट्रायने सांगितलं की देशात एकच तंत्र असावं. ते कुठलं, हे मात्र स्वतः न ठरवता सरकारवर सोडलं. आणि शिफारस म्हणजे निर्णय नव्हे, हेही लक्षात ठेवा. शेवटचा शब्द माहिती व प्रसारण मंत्रालयाचा.

हा पिक्चर आपण आधी पाहिलाय

खासगी कंपन्यांच्या कितीतरी आधी आकाशवाणीने डिजिटलची सुरुवात केली. तिने डीआरएम निवडलं आणि देशभरातले ३५ मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डिजिटल करून घेतले. कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचू शकेल एवढा हा पसारा होता.

अडचण एकच होती. ऐकायला रेडिओ कुठे होता?

डीआरएमचे सेट बाजारात जवळपास नव्हते, आणि जे होते ते साध्या रेडिओच्या कितीतरी पट महाग. सेट महाग म्हणून कुणी घेत नाही, कुणी घेत नाही म्हणून कंपन्या बनवत नाहीत, आणि बनत नाहीत म्हणून महागच राहतात. २०१८ मध्ये ट्रायने डिजिटल रेडिओवर पहिल्या शिफारशी दिल्या, तेव्हाही हेच नोंदवलं होतं की प्रसारण आहे, पण ऐकण्याची साखळी उभी राहिलेली नाही.

यात एक गंमत आपल्या भागाशी जोडलेली आहे. डीआरएम रिसीव्हर घराघरात पोहोचला नाही, पण मोटारीत पोहोचला. मारुती सुझुकी, ह्युंदाई अशा कंपन्यांच्या बऱ्याच गाड्यांमधल्या म्युझिक सिस्टीममध्ये तो बसवलेला असतो. चाकण, तळेगाव, पिंपरी हा सगळा पट्टा गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनवण्यावर जगतो. म्हणजे डिजिटल रेडिओ ऐकण्याचं सगळ्यात मोठं साधन ज्या उद्योगातून येतं, तो उद्योग आपल्या दारात आहे. पण गाडी घेताना शोरूममध्ये "यात डिजिटल रेडिओ आहे" असं कुणी सांगताना मी तरी ऐकलेलं नाही. सनरूफबद्दल मात्र पंधरा मिनिटं सांगतात.

शिवाय मीडियम वेव्ह या पट्ट्यालाच आता शहरात जगणं अवघड झालंय. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची विजेची कुरकुर याच पट्ट्यात जास्त जाणवते. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटारीचीही तीच तऱ्हा. परदेशात काही कंपन्यांनी याच कारणाने इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओ काढून टाकला. म्हणून नव्या शिफारशीत डिजिटल रेडिओ एफएमच्या पट्ट्यात आणायचं ठरतंय, हे तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. मात्र रिसीव्हरचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तुमच्या फोनमध्ये रेडिओ आहे का? बघा बरं

हा लेख तुम्ही फोनवर वाचताय, म्हणून हा मुद्दा थेट तुमचा.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ सांभाळणारी जी चिप असते, तिच्यातच एफएम पकडण्याची सोय बरेचदा असते. तरी फोनमध्ये रेडिओ नसतो, कारण कंपनीने तो सॉफ्टवेअरमधून बंद ठेवलेला असतो किंवा अँटेनाची जोडणीच दिलेली नसते. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांच्या संघटनांना सूचना केली की ज्या फोनमध्ये एफएम आहे तिथे तो बंद ठेवू नका. त्याच वर्षी ट्रायनेही असंच म्हटलं. पण ती सूचना होती, सक्ती नव्हती. ॲपलने तर २०१७ मध्येच स्पष्ट केलं होतं की आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि अँटेनाही नाही.

आता अँटेनाचं गणित पाहा, मजेशीर आहे. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी होते ३ मीटर. चांगल्या अँटेनाला तिच्या चौथ्या हिश्शाइतकी लांबी लागते, म्हणजे ७५ सेंटीमीटर. इअरफोनची वायर निदान तेवढी तरी असतेच. म्हणून फोनमधला रेडिओ चालू करताना "इअरफोन लावा" असा मेसेज यायचा. ती वायरच अँटेना होती. मग फोनमधून इअरफोनचा जॅक गेला, कानात वायरलेस बड्स आले, आणि त्यांच्यासोबत अँटेनाही गेली. रेडिओवर कुणी बंदी घातली नाही. एक भोक बुजलं आणि रेडिओ मुका झाला.

डिजिटल रेडिओला वेगळी चिप किंवा चिपमध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागेल, वर हीच अँटेना लागेल. जो उद्योग फुकटात असलेला एफएम चालू ठेवत नाही, तो डिजिटलसाठी खर्च करेल का? स्वतःहून करणार नाही, असं माझं मत आहे.

"पण इंटरनेट आहे की!"

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. आकाशवाणीची कितीतरी केंद्रं न्यूज ऑन एअर या ॲपवर ऐकता येतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्ह्ज नावाचं ओटीटी ॲपही काढलं. मग टॉवर हवेत कशाला?

हिशोब करू. ६४ केबीपीएसने स्ट्रीमिंग केलं तर तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो. रोज दोन तास ऐकलं तर महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असणाऱ्याला ते काहीच नाही. पण हाच हिशोब स्टेशनच्या बाजूने करा. एकाच वेळी दहा लाख लोक ऐकत असतील तर सर्व्हरकडून सेकंदाला ६४ गिगाबिट डेटा वाहायला हवा, आणि प्रत्येक नव्या श्रोत्यामागे खर्च वाढतो. टॉवरचं तसं नाही. एक जण ऐको की दहा लाख, विजेचं बिल तेवढंच.

दुसरं म्हणजे पूर आला, वीज गेली, की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत मान टाकतात, आणि जे टॉवर चालू असतात त्यांच्यावर एकदम गर्दी होते. रेडिओला गर्दीचा त्रास होत नाही. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढवला की नदीकाठच्या वस्त्यांना काही तासांत सांगावं लागतं. डीआरएममध्ये तर संकटाचा इशारा आला की रिसीव्हरने आपोआप त्या चॅनेलवर जावं अशी सोयच आहे.

तिसरं, कमी बोललं जाणारं कारण: रेडिओ ऐकताना तुम्ही कोण, कुठे, काय ऐकलं हे कुणालाही कळत नाही. लॉगिन नाही, ट्रॅकिंग नाही. आजकाल ही चैनच म्हणायची.

खरी गोची: स्टेशन चालवणार कोण?

समजा चिप आली, अँटेना आली, तंत्र ठरलं. एका स्टेशनचे तीन डिजिटल चॅनेल झाले. त्यावर वाजवणार काय?

आज आहे त्या एका चॅनेलचाच खर्च निघता निघत नाही. देशात ११३ शहरांत ३८८ खासगी एफएम स्टेशनं आहेत. जाहिराती मोबाइलकडे वळल्या, कोविडने कंबरडं मोडलं. बिग एफएम चालवणारी रिलायन्स ब्रॉडकास्ट नेटवर्क ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये सॅफायर मीडियाने ती घेण्याच्या योजनेला एनसीएलटीची मान्यता मिळाली. खर्च वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे माणसं कमी करायची. कार्यक्रम एका शहरात बनवायचा, तोच पाच शहरांत वाजवायचा, मधली जागा कॉम्प्युटरच्या प्लेलिस्टने भरायची. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ऑटोमेशनचं वावडं नाही. पण कात्रज घाटात झाड पडलंय हे प्लेलिस्टला कळत नाही, त्यासाठी माणूस लागतो.

त्यात डिजिटलच्या लिलावाचा आकडा. ट्रायने सुचवलेली राखीव किंमत मुंबईसाठी सुमारे १९४ कोटी रुपये आहे, दिल्लीसाठी सुमारे १७७ कोटी. शिवाय जुन्या स्टेशनांपैकी ज्यांनी २०१५ मध्ये तिसऱ्या टप्प्याचे परवाने घेतले, त्यांची १५ वर्षांची मुदत २०३० मध्ये संपतेय. २०३० नंतर आपण असू की नाही हे ठाऊक नसलेला मालक नव्या ट्रान्समीटरमध्ये पैसे घालताना दहा वेळा विचार करणार.

सरकारी बाजूलाही सगळं आलबेल नाही. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ पासून चालू आहे. जून २०२३ मध्ये तिचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुण्यात ओरड झाली, राजकीय नेते मध्ये पडले आणि केंद्र सरकारने आदेशाला स्थगिती दिली. सकाळी सातनंतरचं पुण्याचं बातमीपत्र वाचलं. त्याच वर्षी केंद्राने आकाशवाणी-दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी अडीच हजार कोटींहून मोठी योजना मंजूर केली होती, आणि एप्रिलमध्ये एका दिवशी ९१ नवे छोटे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले होते. म्हणजे यंत्रांना पैसे आहेत, बातमी गोळा करणाऱ्या माणसांच्या खुर्च्या मात्र हलवल्या जातात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

दोन माण

"माण रेडिओ" असं शोधून बघा. आमचं माण येत नाही. येतं सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं म्हसवड. तिथे माणदेशी फाउंडेशनचा माणदेशी तरंग वाहिनी नावाचा सामुदायिक रेडिओ २००८ पासून ९०.४ वर चालतो. दुष्काळी मुलूख, मेंढपाळ, शेतकरी, छोटा धंदा करणाऱ्या बायका, त्यांच्यासाठी त्यांच्याच बोलीत कार्यक्रम. सामुदायिक रेडिओच्या ट्रान्समीटरची ताकद साधारणपणे १०० वॉटपर्यंत, आवाका काही किलोमीटर. पण त्या काही किलोमीटरांत तो स्वतःचा असतो.

आता आमचं मुळशीतलं माण. आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचा डेपो, हजारो फ्लॅट. कागदोपत्री मात्र ग्रामपंचायत. रस्ता कुणाचा, नाला कुणाचा, पाणी कुणाचं, हे एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत यांच्यात विभागलेलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेत जायचं की नाही यावर वाद चालूच. इथे पाणी कधी येणार ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळतं. ज्या मजुरांच्या खोल्या कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत त्यांना कळत नाही. पुण्याच्या एफएमवर आम्ही फक्त "हिंजवडीत वाहतूक कोंडी" एवढेच येतो.

आणि एखाद्या स्टेशनने ठरवलं तरी नियम आडवे येतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा वाजवता येतात, आणि ट्रॅफिक, हवामान, स्थानिक प्रशासनाने दिलेली पाणी-विजेची माहिती सांगता येते. म्हणजे "उद्या माणमध्ये पाणी येणार नाही" हे रेडिओ सांगू शकतो. "का येणार नाही?" हे विचारू शकत नाही. तेच तुम्ही यूट्यूबवर विचारा, कुणी अडवत नाही. ट्रायने २०२३ मध्ये तासाला १० मिनिटं बातम्यांना परवानगी द्या असं सुचवलंय.

मग काय व्हायला हवं?

माझ्या दृष्टीने क्रम असा हवा.

१. आधी रिसीव्हर, मग लिलाव. चिप असेल तिथे रेडिओ चालू ठेवणं बंधनकारक करा, आणि नव्या गाड्यांत एफएम पट्ट्यातला डिजिटल रेडिओही पकडता येईल असं बघा. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय चॅनेलचं एफएम बंद केलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ च्या अखेरीस तसंच केलं आणि श्रोते घटल्याचं त्याला लगेच दिसलं. तेही अशा देशात, जिथे डिजिटल सेट घरोघरी होते.

२. तंत्र लवकर ठरवा. डीआरएम की एचडी, हा वाद इंजिनीअर लोकांना कितीही चघळायला आवडला तरी कारखान्याला एकच उत्तर हवं असतं. आकाशवाणीचा आधीचा खर्च आणि खुलं मानक पाहता माझं मत डीआरएमकडे झुकतं. पण चार वर्षांनी आलेल्या माझ्या आवडत्या उत्तरापेक्षा यंदा आलेलं दुसरं उत्तर मला चालेल.

३. नव्या जागेतला एक वाटा स्थानिकांना द्या. ब्रिटनमध्ये २०२० पासून छोट्या भागासाठी स्वस्त सामायिक डिजिटल ट्रान्समीटरचे परवाने देतात, त्यावर गल्लीतली स्टेशनंही बसतात. तीन डिजिटल चॅनेलपैकी एकाचे काही तास कॉलेजं, सामुदायिक रेडिओ, ग्रामपंचायती यांना मिळाले तर हिंजवडी-माण-मारुंजीचं स्वतःचं बुलेटिन होऊ शकतं.

४. बातम्यांवरची बंदी उठवा. विश्वासाने ऐकावं असं काही नसेल तर चौथा गाण्यांचा चॅनेल कुणाला हवाय? गाणी फोनमध्ये आहेतच.

आज तुम्ही काय करू शकता

फोनच्या ॲपच्या यादीत "एफएम" शोधा. असेल तर जुना वायरवाला इअरफोन लावून १०१ वर पुण्याची विविध भारती लागते का बघा. गाडीत डीआरएम आहे का, हे मॅन्युअलमध्ये तपासा. असेल तर एएम पट्ट्यात शोधून बघा. आणि पुढचा फोन घेताना दुकानदाराला विचारा, "यात रेडिओ आहे का?" तो हसेल. पण दिवसातून दहा जणांनी विचारलं तर तो कंपनीच्या माणसाला नक्की सांगेल. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असेच वाढले, आपण विचारत राहिलो म्हणून.